व्होल्टेरा ऑपरेटरचा नॉर्म: प्रकल्प नोंदी

१० डिसेंबर

विषय ठरला. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, मार्चपर्यंत द्यायचा आहे. ० ते १ या अंतरावरचं एखादं फंक्शन फ घ्यायचं आणि त्याचं ० पासून क्षपर्यंतचं इंटिग्रल काढायचं. बारावीपासून करत आलो तेच. फरक एवढाच की आता इंटिग्रेशनकडे कृती म्हणून न बघता एक वस्तू म्हणून बघायचं. या वस्तूला व्होल्टेरा ऑपरेटर म्हणतात. वहीत मी तिला नुसतं 'व्ही' म्हणणार आहे.

प्रश्न असा: व्ही किती मोठा आहे? फंक्शनचं माप म्हणजे त्याच्या वर्गाच्या इंटिग्रलचं वर्गमूळ. व्ही ते माप जास्तीत जास्त किती पट करू शकतो, तो आकडा म्हणजे व्हीचा नॉर्म.

माझी योजना प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमना सांगितली. अंतराचे एन तुकडे करायचे, व्हीच्या जागी एन बाय एन मॅट्रिक्स ठेवायचा, त्याची सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू (एखादा सदिश दिशा न बदलता नुसता ताणला जातो तेव्हाचा गुणक) काढायची आणि तोच नॉर्म धरायचा. मॅडम थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आधी दोन बाय दोन करून बघ. संगणक लावू नकोस, हातानं कर. मग ये."

११ डिसेंबर

केलं. दोन तुकड्यांचा मॅट्रिक्स: पहिली ओळ १, ०, दुसरी ओळ १, १. (बाहेरचा १/२ हा गुणक सध्या बाजूला ठेवला.) कर्णाखालचा त्रिकोण भरलेला, वरचा रिकामा, म्हणून आयगेनव्हॅल्यू कर्णावरच वाचता येतात. दोन्ही १.

आता (१, १) हा सदिश घातला तर बाहेर (१, २) येतो. लांबी √२ ची √५ झाली, म्हणजे १.५८ पट. सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू १ आणि ताण १.५८ पट! योजना पहिल्याच उदाहरणावर कोसळली.

खरा नॉर्म काढायचा तर मॅट्रिक्सला त्याच्या ट्रान्सपोजनं (ओळींचे स्तंभ केलेल्या मॅट्रिक्सनं) गुणायचं. येतो तो मॅट्रिक्स २, १ / १, १. त्याची मोठी आयगेनव्हॅल्यू २.६१८, तिचं वर्गमूळ १.६१८. हे तर सुवर्ण गुणोत्तर! मी तीनदा तपासलं. दोन बाय दोनच्या इतक्या साध्या मॅट्रिक्सचा नॉर्म सुवर्ण गुणोत्तर आहे आणि त्याच्या आयगेनव्हॅल्यू मात्र १ आणि १ एवढंच सांगतात.

माझी समजूत कुठून आली तेही आज कळलं. बी.एस्सी.ला नॉर्मची जी उदाहरणं सोडवली त्यातले जवळपास सगळे मॅट्रिक्स सिमेट्रिक होते. सिमेट्रिक मॅट्रिक्ससाठी, आणि एकूणच जे ऑपरेटर आपल्या अॅडजॉइंटशी (ट्रान्सपोजच्या ऑपरेटरांमधल्या रूपाशी) कोणत्याही क्रमानं गुणले तरी चालतात त्यांच्यासाठी, नॉर्म आणि सगळ्यात मोठ्या आयगेनव्हॅल्यूचं परिमाण एकच असतं. मी ती सवय नियम म्हणून धरून बसले होते.

१३ डिसेंबर

मॅडमनी विचारलं, "मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू सोड. व्हीच्या स्वतःच्या किती आहेत गं?"

उत्तर चार ओळींचं आहे. फ चं इंटिग्रल = ल गुणिले फ असं मानू. ल शून्य नसेल तर डावीकडे इंटिग्रल असल्यामुळे फ ला डेरिव्हेटिव्ह आहे, आणि दोन्ही बाजूंचं डिफरन्सिएशन केलं की फ = ल गुणिले फ′. म्हणजे फ हे ई च्या घाताचं फंक्शन, क्ष/ल हा घात. पण क्ष = ० ला इंटिग्रल शून्य असतं, म्हणून फ(०) = ०, आणि घाताचं फंक्शन कुठेच शून्य होत नाही. मग फ सगळीकडे शून्य. ल शून्य असेल तर फ चं इंटिग्रल सतत शून्य, म्हणजे फ शून्यच.

एकही आयगेनव्हॅल्यू नाही. मर्यादित आकाराच्या मॅट्रिक्सला कॉम्प्लेक्स संख्यांमध्ये निदान एक तरी असतेच. इथे एकही नाही, स्पेक्ट्रममध्ये (ज्या ल साठी ल − व्ही उलटवता येत नाही त्या संख्यांमध्ये) फक्त शून्य हा एक बिंदू. आणि तरी हा ऑपरेटर शून्य नाही. तो तर इंटिग्रेशन आहे, अर्धं विज्ञान त्याच्यावर चालतं. प्रकल्पाचा गाभा इथेच आहे असं आज वाटलं.

१७ डिसेंबर

पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. या वेळी मॅट्रिक्स गुणिले ट्रान्सपोज, मग मोठी आयगेनव्हॅल्यू, मग वर्गमूळ. १/एन हा गुणक धरून आलेले आकडे:

एन १० ला ०.६६९१
एन १०० ला ०.६३९८
एन १००० ला ०.६३६९

आयगेनव्हॅल्यू मात्र सगळ्या १/एन, म्हणजे हजाराला ०.००१, आणि एन वाढेल तशा शून्याकडे. एकाच मॅट्रिक्सचे हे दोन आकडे एकमेकांपासून लांब लांब जातात.

२२ डिसेंबर

आज राष्ट्रीय गणित दिन, कॉलेजात रामानुजनवर कार्यक्रम होता. त्यासाठी सकाळी मिरजेहून कोल्हापूरच्या गाडीत बसले. लॅपटॉप घरी होता, म्हणून वहीतच नॉर्म काढायला घेतला.

पद्धत अशी: कोणतंही फंक्शन घ्या, व्ही लावा, मग व्हीचा अॅडजॉइंट लावा. अॅडजॉइंट म्हणजे क्षपासून १ पर्यंतचं इंटिग्रल, उलट दिशेनं. हे पुन्हा पुन्हा केलं की फंक्शन हळूहळू सगळ्यात जास्त ताणल्या जाणाऱ्या दिशेकडे वळतं.

सुरुवात फ = १. व्ही लावला की क्ष. मापाचं गुणोत्तर १/√३, म्हणजे ०.५७७. अॅडजॉइंट लावला की (१ − क्ष²)/२. आता हे फंक्शन घ्यायचं, २ चा भाग सोडून द्यायचा. १ − क्ष² चं इंटिग्रल क्ष − क्ष³/३. त्याच्या वर्गाचं इंटिग्रल ६८/३१५, मूळ फंक्शनच्या वर्गाचं ८/१५. भागाकार १७/४२. वर्गमूळ ०.६३६२.

जयसिंगपूर मागे पडेपर्यंत झालं होतं! हजार बाय हजारचा मॅट्रिक्स ०.६३६९ देतो आणि वहीतली दोन पावलं ०.६३६२. खरा आकडा या दोघांच्या मध्येच असणार, कारण वहीतली पद्धत नेहमी खालून येते आणि माझा मॅट्रिक्स वरून येतोय. गणित दिन असा साजरा होईल असं वाटलं नव्हतं.

२४ डिसेंबर

अचूक उत्तर मिळालं. अॅडजॉइंट गुणिले व्ही, त्याची आयगेनव्हॅल्यू स² मानू. दोनदा डिफरन्सिएशन केलं की स² गुणिले फ″ = −फ. अटी दोन: उलट दिशेच्या इंटिग्रलमुळे फ(१) = ०, आणि सरळ दिशेच्या इंटिग्रलमुळे फ′(०) = ०. उत्तर फ = कोसाइन(क्ष/स), आणि क्ष = १ ला कोसाइन शून्य व्हायला हवा. म्हणून १/स म्हणजे पाय/२, ३ पाय/२, ५ पाय/२, असं पुढे. सगळ्यात मोठा स = २/पाय.

व्हीचा नॉर्म दोन भागिले पाय, ०.६३६६२.

म्हणजे दोन दिवसांपूर्वीच्या वहीतल्या १७/४२ या अपूर्णांकानं खरं तर ४/पाय² चा अंदाज बांधला होता. उलटं सोडवलं तर पाय ३.१४३६ येतो. वर्तुळाचा संबंध नसलेल्या गणितातून पाय बाहेर पडताना पाहिला की मला अजूनही थांबून परत वाचावंसं वाटतं.

आकार कळला हेही महत्त्वाचं. इंटिग्रेशन ज्या फंक्शनला सगळ्यात जास्त मोठं करतं ते कोसाइनचा पाव भाग आहे: सुरुवातीला उंच, शेवटी शून्य. विचार केला तर पटतं. सुरुवातीला जे घालाल ते शेवटपर्यंत साठून राहतं, शेवटी घातलेल्याला साठायला वेळच मिळत नाही.

२८ डिसेंबर

हे स म्हणजे व्हीच्या सिंग्युलर व्हॅल्यू. त्या सगळ्यांच्या वर्गांची बेरीज दुसऱ्या वाटेनंही काढता येते. व्ही हा ज्या कर्नलनं (इंटिग्रलच्या आत फ ला गुणणाऱ्या दोन चलांच्या फंक्शननं) बनतो ते एका चौरसात कर्णाच्या खाली १ आणि कर्णाच्या वरच्या बाजूला ० एवढंच आहे. कर्नलच्या वर्गाचं चौरसावरचं इंटिग्रल म्हणजे ही बेरीज. इथे ते त्रिकोणाचं क्षेत्रफळ, अर्धं.

म्हणून ४/पाय² गुणिले (१ + १/९ + १/२५ + १/४९ + …) = १/२. कंसातली बेरीज पाय²/८. विषम संख्यांच्या वर्गांची ही बेरीज सगळ्या संख्यांच्या बेरजेच्या तीन चतुर्थांश असते, तेव्हा १ + १/४ + १/९ + … = पाय²/६. ऑयलरनं सोडवलेला बाझेलचा प्रश्न, त्रिकोणाच्या क्षेत्रफळातून! मॅडमना दाखवलं. त्यांना हे ठाऊक होतं, पण त्यांनी वही हातात घेऊन पूर्ण वाचलं आणि समासात बरोबरची खूण केली.

३ जानेवारी

आज एक विचित्र गोष्ट दिसली. बेसिस (अक्षांची निवड) बदलला तरी आयगेनव्हॅल्यू बदलत नाहीत, हे प्रमेय आकड्यांवर पडताळून अहवालात घालावं म्हणून एन = ४०० चा मॅट्रिक्स घेतला आणि एका रँडम ऑर्थोगोनल (लांबी न बदलणाऱ्या) मॅट्रिक्सनं त्याचा बेसिस फिरवला. सगळ्या आयगेनव्हॅल्यू ०.००२५ यायला हव्यात. आल्या कॉम्प्लेक्स संख्या, आणि आलेख काढला तर त्या एका सुंदर वर्तुळावर बसलेल्या. वर्तुळ शून्याजवळून निघतं आणि उजवीकडे ०.०३ च्या आसपास पोचतं. खऱ्या आकड्याच्या बारा पट.

रँडम मॅट्रिक्स बदलला. पुन्हा वर्तुळ, पुन्हा तेवढंच. इतकं नेमकं चित्र चुकीचं असेल असं वाटेना.

५ जानेवारी

दोन दिवस त्या वर्तुळाचं समीकरण शोधण्यात गेले. व्हीच्या लपलेल्या आयगेनव्हॅल्यू सापडल्या असं मनात घेऊन बसले होते. पण १३ डिसेंबरची सिद्धता चार ओळींची आहे आणि तिच्यात चूक नाही. ती पुन्हा लिहून काढली आणि मगच मॅडमकडे गेले.

मॅडम म्हणाल्या, "आयगेनव्हॅल्यू काढतेस ती नक्की कुठल्या मॅट्रिक्सची? तू लिहिलेल्या, की संगणकानं साठवलेल्या?"

७ जानेवारी

आता नीट समजलं. संगणक सोळा-एक अंकांपर्यंत आकडे ठेवतो. बेसिस फिरवताना प्रत्येक जागी सोळाव्या अंकात किंचित फरक पडला. प्रश्न असा विचारायचा की एवढ्याशा धक्क्यानं ल ही संख्या आयगेनव्हॅल्यू होऊ शकते का. त्याचं उत्तर (ल − व्ही) च्या व्यस्ताच्या नॉर्मवर अवलंबून असतं: तो जितका प्रचंड, तितका धक्का छोटा पुरतो. व्हीसाठी हा व्यस्त लिहून काढता येतो, त्यात ई चा (क्ष − ट)/ल हा घात येतो, आणि ल धन असेल तर नॉर्म साधारण ई च्या १/ल व्या घातानं वाढतो. ल = ०.०३ घ्या: १/ल म्हणजे ३३, आणि ई चा तेहतिसावा घात पंधरा अंकी संख्या आहे. बाकीचे गुणक धरले की सोळाव्या अंकातला फरक तिथे आयगेनव्हॅल्यू उभी करायला बरोबर पुरतो.

वर्तुळही यातूनच येतं. १/ल चा वास्तव भाग जिथे ठरावीक आहे असे बिंदू काल्पनिक अक्षाला शून्यापाशी स्पर्श करणाऱ्या वर्तुळावर असतात. मी पाहत होते ते व्हीचं चित्र खोटं नव्हतं. धक्का बसला तर व्हीच्या आयगेनव्हॅल्यू कुठवर जाऊ शकतात, त्याचा तो नकाशा होता. याला स्यूडोस्पेक्ट्रम म्हणतात.

याच फिरवलेल्या मॅट्रिक्सचा नॉर्म काढला: ०.६३७४, फिरवण्याआधी होता तोच, चारही अंक तसेच. हे योगायोगानं होत नाही. मॅट्रिक्सला जेवढ्या नॉर्मचा धक्का द्याल त्याहून जास्त त्याची कोणतीही सिंग्युलर व्हॅल्यू हलत नाही. हरमान वाइलच्या नावानं हे प्रमेय आहे. आयगेनव्हॅल्यूंना, ऑपरेटर असा तिरका (अॅडजॉइंटशी गुणताना क्रम बदलला की उत्तर बदलणारा) असेल तर, असं कुठलंही अभय नाही. अहवालाचं तिसरं प्रकरण आता यावरच लिहिणार. ते वर्तुळाचं चित्रही घालणार, आणि खाली स्पष्ट लिहिणार की या व्हीच्या आयगेनव्हॅल्यू नाहीत.

१४ जानेवारी

संक्रांतीला दादा चाकणहून घरी आला. तो एका कारखान्यात कंपनांच्या चाचण्या करतो. जेवण झाल्यावर मी व्हीच्या वर्गाचं, म्हणजे दोनदा इंटिग्रेशनचं काम घेऊन बसले होते. एन वाढवत नेला तसा नॉर्म ०.२८४४ वर स्थिरावला. व्हीच्या नॉर्मचा वर्ग ०.४०५३, त्याच्या हा बराच खाली. कसला ओळखीचा आकडा आहे का म्हणून त्याचा व्यस्त काढला: ३.५१६.

दादा तिळगूळ घ्यायला वाकला आणि वहीकडे बघून थांबला. "ए, हा ३.५१६ तुला कुठून मिळाला?"

"का?"

"अगं, हा कॅन्टिलिव्हरचा आकडा. एका टोकाला घट्ट बसवलेली पट्टी, दुसरं टोक मोकळं. पहिली फ्रीक्वेन्सी काढताना सुरुवातीलाच ३.५१६ येतो. १.८७५ चा वर्ग."

मी त्याला समीकरण लिहायला लावलं. कोसाइन गुणिले कोशाइन (हायपरबोलिक कोसाइन) = −१, पहिलं मूळ १.८७५१. मग मी माझ्या बाजूनं लिहिलं. व्ही-वर्गाचा अॅडजॉइंट गुणिले व्ही-वर्ग; चारदा डिफरन्सिएशन केलं की फ चा चौथा डेरिव्हेटिव्ह = फ/स². अटी चार: क्ष = १ ला फ आणि फ′ दोन्ही शून्य, क्ष = ० ला फ″ आणि फ‴ शून्य. दादा म्हणाला, "पहिल्या दोन म्हणजे भिंतीत पक्की केलेली बाजू. पट्टी हलत नाही आणि कलत नाही. दुसऱ्या दोन म्हणजे मोकळं टोक. तिथे मोमेंटही नाही, शिअरही नाही."

तेच समीकरण, त्याच अटी. दोनदा इंटिग्रेशन करण्याचा नॉर्म म्हणजे १.८७५१ च्या वर्गाचा व्यस्त, आणि गच्चीच्या कठड्याबाहेर काढलेल्या सळईचं पहिलं कंपन त्याच आकड्यानं ठरतं. मग आम्ही मागे जाऊन पहिला नॉर्म पाहिला. त्याचा व्यस्त पाय/२: एक टोक बंद आणि एक उघडं असलेल्या नळीतल्या हवेचं कंपन, पाव तरंग. आई दोनदा हलवा घेऊन आली, आम्ही दोघंही वहीवरून उठलो नाही.

दादानं दिलेलं हे सगळं अहवालात त्याच्या ऋणनिर्देशासह जाणार आहे. नॉर्म हा माझ्यासाठी इतके दिवस कमाल काढायची एक व्याख्या होता. आज त्याला ऐकू येणारा सूर मिळाला.

१९ जानेवारी

घात वाढवत नेले. व्हीच्या एनाव्या घाताचं कर्नल (क्ष − ट) च्या एन − १ व्या घाताला (एन − १) च्या फॅक्टोरियलनं भागलेलं असतं. म्हणून नॉर्म फॅक्टोरियलच्या वेगानं पडतो: एन फॅक्टोरियल गुणिले नॉर्म हे १/२ कडे जातं. पहिल्या घाताला ०.६३७, दुसऱ्याला ०.५६९, दहाव्यापर्यंत ०.५ आणि ०.५१३ यांच्या मध्ये.

गेलफांडचं १९४१ चं सूत्र सांगतं की घाताच्या नॉर्मचं एनावं मूळ काढत गेलं की ते स्पेक्ट्रमच्या त्रिज्येकडे जातं. माझे आकडे: एन १ ला ०.६३७, २ ला ०.५३३, १० ला ०.२०६, ५० ला ०.०५१, १०० ला ०.०२६. अखेर शून्य. व्हीचा स्पेक्ट्रम शून्य या एका बिंदूत का मावतो याचं हे दुसरं कारण, आणि मला पहिल्यापेक्षा हे जास्त आवडतं. आयगेनव्हॅल्यू ऑपरेटरची दूरच्या भविष्यातली चाल सांगतात. नॉर्म त्याचं पुढचं एक पाऊल सांगतो. शंभर पावलांनंतर सगळं विझणार आहे हे खरं, पण पहिल्या पावलाला ०.६३७ आहे हेही तेवढंच खरं.

वितो व्होल्टेरानं १८९६ मध्ये आपल्या इंटिग्रल समीकरणांवर जे काम केलं ते याच फॅक्टोरियलवर उभं आहे. उत्तर पुन्हा पुन्हा समीकरणात भरत जायचं. प्रत्येक फेरीत फॅक्टोरियलचा भागाकार मिळतो, म्हणून मालिका नेहमी स्थिरावते, समीकरणातला गुणक कितीही मोठा असो. याच व्होल्टेरानं १९३१ मध्ये फॅसिस्ट सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला आणि रोमच्या विद्यापीठातली जागा गमावली. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. अहवालातल्या परिचयात त्यांच्याविषयी एक परिच्छेद ठेवायचा हे मी ठरवलं आहे.

२३ जानेवारी

थोडकंच काम. माप बदललं तर? फंक्शनची सगळ्यात मोठी उंची हे माप धरलं तर व्हीचा नॉर्म १. परिमाणाचं नुसतं इंटिग्रल, म्हणजे एकूण क्षेत्रफळ, हे माप धरलं तरी १. वर्गाच्या मापाला २/पाय. स्पेक्ट्रम तिन्हीकडे शून्यच.

१ फेब्रुवारी

मॅडमनी सुचवलं म्हणून व्ही आणि अॅडजॉइंट उलट क्रमानं गुणले. आधी अॅडजॉइंट, मग व्ही. कर्नल येतं क्ष आणि य यांतली लहान संख्या. सिंग्युलर व्हॅल्यू त्याच, फंक्शनं कोसाइनऐवजी साइन. हे कर्नल कुठे तरी पाहिल्यासारखं वाटत होतं. संभाव्यतेच्या पेपरात पाहिलं होतं: ब्राउनियन गतीचं (यादृच्छिक हलणाऱ्या कणाच्या वाटेचं) कोव्हेरियन्स, म्हणजे दोन क्षणांच्या स्थानांमधला संबंध, हेच.

म्हणजे ब्राउनियन गतीची वेडीवाकडी वाट साइन फंक्शनांत उलगडायची असेल तर प्रत्येक साइनचा वाटा व्हीची सिंग्युलर व्हॅल्यू ठरवते. पहिल्या साइनचा वाटा एकूण व्हेरियन्सच्या ८/पाय², म्हणजे ८१ टक्के.

अशा उलगडण्याला बहुतेक पुस्तकं कार्हुनेन आणि लोएव्ह यांचं नाव देतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ही मांडणी १९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये केली होती, त्या दोघांच्या आधी. तेव्हा ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते; मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले ते नंतर. आमच्या घरी कोसंबी म्हणजे इतिहास. आजोबांच्या कपाटात त्यांचं नाव पाहतच मी मोठी झाले. गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात फळ्यावर गणित लिहिणाऱ्या त्याच माणसाचं काम माझ्या प्रकल्पाच्या मधोमध निघेल याची मला कल्पना नव्हती. अलीकडे काही ठिकाणी कोसंबी–कार्हुनेन–लोएव्ह असं तिघांचं नाव लिहितात. मी तसंच लिहिणार.

९ फेब्रुवारी

मॅडमनी तोंडी परीक्षेची तयारी म्हणून विचारलं: "एखाद्या ऑपरेटरचा स्पेक्ट्रम फक्त १, आणि नॉर्मही १. तो आयडेंटिटीच असणार का?"

आयडेंटिटी म्हणजे काहीही न बदलणारा ऑपरेटर. मॅट्रिक्स असेल तर हो. आयगेनव्हॅल्यू सगळ्या १ असून आयडेंटिटी नसेल तर कुठे तरी ११ डिसेंबरच्या मॅट्रिक्ससारखा तुकडा असतो. त्याचे घात घेत गेलं की ते वाढतच जातात. नॉर्म १ असता तर घातांचा नॉर्मही १ च्या वर गेला नसता. मी ताबडतोब हो म्हणाले.

मग व्हीवर लावून पाहिलं. (आयडेंटिटी + व्ही) चा व्यस्त घ्या. व्हीचा स्पेक्ट्रम ० म्हणून याचा १. आता नॉर्म. व्ही आणि त्याचा अॅडजॉइंट यांची बेरीज केली की ० ते क्ष आणि क्ष ते १ मिळून पूर्ण इंटिग्रल होतं, म्हणजे एक स्थिर संख्या. त्यामुळे व्ही-फ आणि फ यांच्या इनर प्रॉडक्टचा वास्तव भाग म्हणजे फ च्या पूर्ण इंटिग्रलच्या परिमाणाचा वर्ग, त्याचा निम्मा. तो कधीच ऋण नसतो. मग फ + व्ही-फ चं माप फ च्या मापापेक्षा कमी होऊ शकत नाही, आणि व्यस्ताचा नॉर्म १ च्या वर जाऊ शकत नाही. स्पेक्ट्रममध्ये १ आहे म्हणून खालीही नाही. बरोबर १.

स्पेक्ट्रम १, नॉर्म १, आणि तरी आयडेंटिटी नाही. माझं 'हो' चुकलं आणि मला त्याचा आनंद झाला. मर्यादित मितीत जी गोष्ट घडूच शकत नाही ती इथे तीन ओळींत घडते. पाचवं प्रकरण हेच.

१६ फेब्रुवारी

अहवालाची पानं लागली. वर्तुळाचं चित्र स्वच्छ छापलं जाईल असं पुन्हा काढलं. एन = ४००, अक्षांवर आकडे, खाली ठरल्याप्रमाणे सूचना.

एक प्रश्न उरला आहे, तो अहवालात 'अपूर्ण' म्हणून ठेवते. व्हीच्या तिसऱ्या घाताचा नॉर्म. समीकरण सहाव्या कोटीचं होतं, अटी सहा: तीन या टोकाला, तीन त्या टोकाला. कर्नलच्या वर्गाच्या इंटिग्रलवरून वरची मर्यादा ०.०९१३ येते. खालची वहीत काढली, गाडीतल्या पद्धतीनंच. स्थिर फंक्शनवर तीनदा इंटिग्रेशन केलं की, ६ चा भाग सोडून, क्ष³ मिळतं, मग त्यावर उलट दिशेनं तीनदा. आलं (१० − २४क्ष + १५क्ष² − क्ष⁶) भागिले १२०, आणि गुणोत्तर ०.०९०६. खरा आकडा या दोन्हींमध्ये आहे.

दादाला फोन करून विचारलं, अशा समीकरणानं थरथरणारी कुठली वस्तू असते का. म्हणाला, "सहाव्या कोटीचं? लगेच नाही सांगता येणार. बघतो, शनिवारी कळवतो." सहा अटींचा डिटरमिनंट उद्या कोल्हापूरच्या गाडीत मांडायला घेते.